ड्रेसरमामांचा डीएनए

डीएनएचा शोध नेमका कुणी लावला हे साऱ्या जगात फक्त एका माणसाला खरंखुरं ठाऊक आहे. तो नंदुरबारला मिरच्या वाळवायच्या पथाऱ्यांजवळ राहतो, न विचारता उत्तर देण्याची त्याला सवय आहे, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. पाठ्यपुस्तकांत जी नावं छापलेली असतात ती मामांना मान्य नाहीत. त्यांच्यासमोर ती उच्चारलेलीही चालत नाहीत, आणि ही शिस्त माझ्या इतकी अंगवळणी पडली आहे की इथंही मी ती घेणार नाही. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळं वर्गात घ्यावी लागतात. पण घेण्याआधी एकदा दाराकडं बघून घेतो.

मामा निवृत्त ड्रेसर. म्हणजे सरकारी दवाखान्यात जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा माणूस. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात त्यांनी तीस वर्षं काढली. डॉक्टर यायचे, बदलीचा अर्ज लिहायचे आणि जायचे, मामा राहायचे. त्यामुळं ते रुग्णालय आपणच चालवलं आणि डॉक्टर ही अधूनमधून येणारी साथ होती, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. निवृत्त होताना त्यांनी घरी नुसत्या पट्ट्या आणल्या नाहीत, पट्ट्या बांधण्याची खाज आणली. मामींच्या घरात लोणच्याच्या बरणीला पट्टी आहे, गॅसच्या नळीला आहे, चष्म्याच्या दांडीला आहे. माझ्या मेहुण्याच्या लग्नात नवरदेवाचा फेटा सारखा डोळ्यांवर येत होता, तेव्हा मामांनी त्याला कोपऱ्यात नेऊन फेट्याखालून अशी पट्टी आवळली की फेटा हलला नाही. लग्नाच्या फोटोत मात्र फेट्याखालून दोन बोटं पांढरी पट्टी दिसते, आणि अल्बम बघणारा प्रत्येक पाहुणा हळूच विचारतो, "मंडपात काही भांडण झालं होतं का?"

मामांना सगळ्यात प्रिय विषय म्हणजे पू, आणि तो बोलायची त्यांची आवडती जागा म्हणजे जेवणाचं पान. पुवाचे प्रकार ते नेहमी पदार्थांच्या आधारानं सांगतात. एक ताकासारखा, एक शिऱ्यासारखा, आणि एक, मामांच्या मते सर्वांत इमानदार, पिठल्यासारखा. "पिठल्यासारखा पू उना का समजानं, जखम भरी ऱ्हायनी," असं ते घास हातात धरून सांगतात. हे ऐकल्यापासून आमच्या घरात पिठलं शिजणं बंद झालं. एरवी मामा घरगुती बोलणं अहिराणीत करतात. पण जखमेपाशी आले की एकदम कागदी मराठीत शिरतात. माझ्या मुलीचा गुडघा फुटला तेव्हा ते खाली वाकून गंभीरपणे म्हणाले, "सदर जखमेच्या कडा नियमित आहेत." मुलगी रडायची थांबली. तिला वाटलं गुडघ्यावर काहीतरी सरकारी आलं.

अशा माणसाला मी डीएनएची गोष्ट सांगायला नको होती. पण एका रविवारी त्यांच्या घरी ते मला उगाच डिवचायला लागले. "जवाई, तुम्ही त्या पोरंस्ले काय शिकाडतस? डीएनए? कोनी दखं ते?" मी म्हटलं, ऐका मग. आणि सांगितलं की दीडशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडचा एक तरुण डॉक्टर होता. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून रोगी तपासायचं सोडून तो रसायनांकडं वळला. जर्मनीतल्या एका जुन्या किल्ल्याच्या मुदपाकखान्यात, म्हणजे स्वयंपाकघरात, त्याची प्रयोगशाळा होती. पेशींच्या आत काय असतं ते त्याला बघायचं होतं, आणि पेशी मिळवायला तो जवळच्या इस्पितळातून जखमांच्या जुन्या पट्ट्या आणायचा. त्या पट्ट्यांवरचा पू धुऊन, गाळून, पेशींच्या गाभ्यातून त्यानं एक नवाच पदार्थ काढला. तोच पुढं डीएनए ठरला.

मामा उभे राहिले. त्यांच्या हातात चहाची बशी होती, ती तशीच राहिली.

"पू?" ते म्हणाले.

"पू."

"पट्टीवरला?"

"पट्टीवरचा."

"आन मी तीस वरीस धुई टाका!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की मामी आतून धावत आल्या. किल्ल्यातल्या मुदपाकखान्यात पू धुतल्याचं त्यांनी आतून ऐकलंच होतं; त्यांनी तत्काळ स्वतःच्या स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. मामा खाली बसले आणि थोड्या वेळानं त्यांनी तो प्रश्न विचारला जो विज्ञानाच्या इतिहासात माझ्या माहितीप्रमाणे कुणीच विचारलेला नाही.

"त्या पट्ट्या त्या डॉक्टरले दिन्ह्यात कोनी?"

मी म्हटलं, दिल्या असतील इस्पितळातल्या कुणीतरी.

"कुनीतरी नही. ड्रेसरनी दिन्ह्यात. त्यान्हं नाव कोठे शे?"

त्या दिवसापासून मामांना काम मिळालं. ते माझ्याकडून पुस्तकं नेऊ लागले, पोरांच्या मोबाइलवर माहिती ऐकू लागले, आणि डीएनएचा सगळा इतिहास त्यांनी ग्रामीण रुग्णालयाच्या कारभारात बसवून टाकला. स्विस डॉक्टरच्या गुरूनं त्याचा निबंध छापायच्या आधी स्वतः पडताळून बघतो म्हणून दोनेक वर्षं दाबून ठेवला, हे वाचल्यावर मामांना अजिबात नवल वाटलं नाही. "मोठा साहेब सगळीकडे सारखाच शे," एवढंच म्हणाले. पुढं अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या संशोधकानं दाखवून दिलं की आईबापाचे गुण पोरांत नेणारा पदार्थ हाच. तरी बरीच वर्षं लोक प्रोटीनलाच धरून बसले. ही मामांच्या मते प्रोटीनवाल्यांची युनियन. आणि मग आली ती बाई, जिनं क्ष-किरणांनी डीएनएचा फोटो काढला. तिला न विचारता तो फोटो तिच्याच खात्यातल्या माणसानं दुसऱ्या गावच्या एकाला दाखवला, आणि तो आणि त्याचा जोडीदार, अशा दोघांनी पत्र्याचे तुकडे जोडून जिन्यासारखा पिळाचा सांगाडा उभा केला. सांगाडा बरोबर होता. त्याबद्दल नोबेलचं बक्षीस मिळालं तोवर ती बाई कर्करोगानं गेली होती.

या जागी मामांचा आवाज नेहमी चढायचा. त्या दोघांना ते "तो जोडगोळीवाला कारभार" म्हणत. ही गोष्ट त्यांनी मिरची निवडणाऱ्या बायकांना सांगितली, रिक्षावाल्यांना सांगितली, आणि एकदा सुरतेहून येणाऱ्या गाडीत एका अनोळखी गुजराती व्यापाऱ्याला सांगितली. तो बिचारा नवापूरला पोल्ट्रीच्या कामासाठी उतरणार होता. मामांनी त्याला फोटोच्या प्रकरणापर्यंत उतरू दिलं नाही. तो नंदुरबारला आला, मामांच्या घरी जेवला आणि परतीच्या गाडीनं गेला. जाताना म्हणाला, "काका, ए बेन साथे बहु खोटुं थयुं." म्हणजे त्या बाईवर मोठा अन्याय झाला. मामा त्याला अजून आपला शिष्य मानतात.

इथपर्यंत ही गोष्ट मामांच्या विक्षिप्तपणाची आहे. इथून पुढं ती माझ्या हलकटपणाची आहे.

गेल्या वर्षी मी स्कूटरवरून पडलो. पाय मुरगळला. मामांना निरोप गेला न गेला तोच ते पट्ट्यांच्या दोन गुंडाळ्या घेऊन हजर झाले. एक पट्टी त्यांनी घोट्यापासून वर गुंडाळत नेली, आणि दुसरी गुडघ्यापासून त्याच पिळात खाली आणली. दोन्ही पट्ट्या एकमेकींशेजारून फिरत होत्या, एक वर जाणारी, एक खाली येणारी. मध्ये मध्ये त्यांनी सेफ्टी पिना लावल्या. मग वरच्या टोकाला एक गाठ मारली. अंगानं चपटी, दिसायला काहीच नाही. "आते दखा," असं म्हणून त्यांनी गाठीचं एक टोक हलकेच ओढलं. गाठ सुटली आणि पिना काढत गेले तशा दोन्ही पट्ट्या गुंता न होता वेगळ्या होत गेल्या.

"हाऊ तुम्हना डीएनए," मामा म्हणाले. "एक पट्टी वर, एक खाले. गाठ सोडी का दोन्ही न्याऱ्या. एकेकीना बाजूले नवी गुंडाळी, का एकना दोन पाय झायात."

मी आडवा पडल्या पडल्या बघत राहिलो. पंधरा वर्षं मी फळ्यावर खडूनं जो पीळ काढत आलो, आणि जो बघून मुलं झोपत आली, तो माझ्याच पायावर पडला होता. दोन धागे उलट दिशांनी जातात, मध्ये जोड्या असतात, ते सुटतात आणि त्यांच्या दोन प्रती होतात. सगळं त्यात होतं. ती गाठ नसती तर नुसता गुंता झाला असता.

पाय बरा झाल्यावर मी एक प्लॅस्टिकचा पाइप आणला, त्यावर दोन रंगांच्या पट्ट्या गुंडाळल्या, पिनांऐवजी रंगीत हुक लावले आणि मामांकडून ती गाठ तीन वेळा शिकून घेतली. वर्गात कमाल झाली. डोंगरातल्या धडगावकडच्या मुली, ज्या कधी तोंड उघडत नाहीत, त्या गाठ ओढायला पुढं आल्या. मग जिल्ह्याच्या शैक्षणिक साहित्य स्पर्धेचं पत्रक आलं. मी अर्ज भरला. 'निर्मात्याचे नाव' या रकान्यात एकच ओळ होती. तीत माझं नाव मावलं, म्हणून मी तेच लिहिलं. निदान तेव्हा तरी मी स्वतःला असंच सांगितलं.

पहिला नंबर आला. बक्षीस समारंभाला मामा दोन रिक्षा भरून नातेवाईक घेऊन आले. निवृत्तीच्या दिवशीचा पांढरा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. समोर साहेब होते, हार होते, माइक होता. मी म्हणालो, "एका रविवारी पायाला पट्टी बांधता बांधता मला ही कल्पना सुचली."

मला, असं म्हणालो. तिसऱ्या रांगेत मामा टाळ्या वाजवत होते. शेजारी मामी हात मांडीवर ठेवून माझ्याकडं बघत होत्या.

परतताना चौकात एकाच्या अंगठ्याला चुकीची पट्टी बांधलेली दिसली, तरी मामांनी रिक्षा थांबवली नाही. त्यानंतर तीन आठवडे ते आमच्या घरी आलेच नाहीत. पहिला आठवडा बरा गेला. तिसऱ्या आठवड्यात बायकोनं मोकळेपणानं पिठलं केलं. सगळ्यांनी वाढून घेतलं, आणि कुणालाच ते गेलं नाही. शेवटी बायको ताट सारून म्हणाली, "पिठल्याला नावं ठेवणारा माणूस तरी खरं बोलतो."

दुसऱ्या दिवशी मी मामांकडं गेलो. पथाऱ्यांवर मिरच्या वाळत पडल्या होत्या, वारा नेमका त्यांच्या घराकडं होता. माफी मागायला आलेल्या माणसाचं तिथं काही खरं नाही. "मामा, माझं चु—" म्हटलं की शिंक, "अर्जात तुमचं नाव—" म्हटलं की शिंक. मामींनी ओला रुमाल आणून दिला आणि थंडपणे म्हणाल्या, "नाक धरा आन बोला. आम्ही थांबतस."

मी नाक धरून बोललो. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"जवाई, तुम्हना राग नही माले," ते म्हणाले. "माले मन्हीच लाज वाटनी. ती गाठ मन्ही नही शे."

मामी त्यांच्याकडं वळून बघायला लागल्या. त्यांनाही हे नवं होतं.

मामांनी हळूहळू सांगितलं. ते नवे नवे नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या पट्ट्या सुटायच्या. डोंगरातला माणूस पाड्यावर पोचेपर्यंत पट्टी पायातून गळून पडायची. रुग्णालयात एक आयाबाई होती, नर्मदेकाठच्या गावाची. ती वापरलेल्या पट्ट्या धुऊन उकळायची. एके दिवशी तिनं मामांच्या हातातून पट्टी घेतली आणि गाठ मारून दाखवली. पुढं एक मोठे साहेब तपासणीला आले, त्यांनी ती गाठ बघितली आणि विचारलं, ही कुणाची? मामा म्हणाले, माझी. तेव्हापासून त्या सगळ्या भागात तिला ड्रेसरची गाठ म्हणतात. साहेबांनी विचारलं तेव्हा बाई तिथंच दाराशी पट्ट्या पिळत उभी होती.

"तिनी ऐकं?" मामींनी विचारलं.

"ऐकं व्हई."

"काय म्हने?"

"काहीच नही म्हने." मामा मिरच्यांकडं बघत राहिले. "तुम्ही टेजवर 'माले सुचनं' म्हनात ना, तव्हय माले तीच दिसनी."

"नाव काय होतं त्यांचं?" मी विचारलं.

त्या स्विस डॉक्टरच्या ड्रेसरच्या नावासाठी साऱ्या जगाशी भांडणारा हा माणूस, त्याला ती बाई 'बाई' म्हणूनच ठाऊक होती.

मग आम्ही शोधायला लागलो. रुग्णालयात तिला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. रुग्णवाहिकेचा एक जुना ड्रायव्हर भेटला, त्यानं सांगितलं की तिचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, आणि आता ती घरच्यांबरोबर तळोद्याकडच्या पुनर्वसनाच्या वसाहतीत राहते. नाव जामली. मामांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं. पुढच्या रविवारी माझ्या स्कूटरवर मागं मामा आणि त्यांच्या मांडीवर तो पाइप, असे आम्ही निघालो. वाटेत मामा इतिहास सांगतील म्हणून मी तयारीनं निघालो होतो. त्यांनी फक्त एकदा विचारलं, "ती माले वळखी का?"

जामलीबाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या. केस पांढरे, डोळे धारदार. मामांना त्यांनी ओळखलं नाही. मामांनी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, साल सांगितलं; काही नाही. मग मामांनी नुसतीच पट्टीची गुंडाळी काढून हातावर झेलली, तशी त्या हसायला लागल्या आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. मामा लाजले. मी विचारलं काय म्हणाल्या, तर म्हणाले, "म्हनस, तो पट्टी पाडनारा पोऱ्या का तू?"

मामांनी पाइप समोर ठेवला. साहेबापुढं केलेलं पाप सांगितलं, बक्षिसाचं सांगितलं, माझ्याकडं बोट दाखवून माझंही सांगितलं. ते तोडकंमोडकं भिल्ली बोलत होते, हातवारे करत होते, आणि डोळे पुसत होते. जामलीबाईंनी ते सगळं एखाद्या लांबलेल्या भाषणासारखं ऐकून घेतलं. त्यांचं लक्ष गाठीकडं होतं. त्यांनी पाइप मांडीवर ओढला, गाठ बोटांनी चाचपली आणि मान हलवून दोन शब्द बोलल्या.

मामांचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"म्हनस, गाठ चुकेल शे."

"चुकलेली?"

"तीस वरीस चुकेल शे!"

टोक वरून नाही, खालून न्यायचं. बकरीचा पाय मोडला की जामलीबाईंची आई झाडाच्या सालीच्या पट्टीनं अशीच गाठ मारायची, आणि आईला तिच्या आईनं दाखवली होती. यात नाव कुणाचं लावायचं ते त्यांना कळेना. बकरीचं लावा, म्हणाल्या, आणि पुन्हा हसल्या. पण गाठ चुकीची राहिलेली त्यांना चालणार नव्हती. त्यांनी मामांचा हात ओढून घेतला, मनगटावर पट्टी गुंडाळली, आणि सावकाश, दोन वेळा सोडून, तिसऱ्यांदा पक्की गाठ मारून दाखवली. मामा मान खाली घालून बघत होते.

स्पर्धेच्या कार्यालयाला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की निकालानंतर नाव बदलता येत नाही, आणि बदललं तरी रकान्यात एकच नाव बसतं. वर्गातल्या पाइपखाली मात्र मी चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर दोन नावं आहेत, जामलीबाईंचं आणि मामांचं; माझं नाही.

मामा ती मनगटावरची पट्टी काढायला तयार नव्हते. आठ दिवस ते धडधाकट हाताला पट्टी बांधून नंदुरबारभर फिरले. तिला पाणी लागू नये म्हणून डाव्या हातानं आंघोळ केली. मिरची बाजारात बायका विचारायच्या, रिक्षावाले गाडी हळू करून विचारायचे, "मामा, काय लागनं हाताले?" आणि साध्या प्रश्नाला अर्धा तास लावणारे मामा पट्टीवरून दुसरा हात फिरवत म्हणायचे, "काही नही रे भाऊ," आणि पुढं चालायला लागायचे.